सांध्याचा धनी

आबा मिस्त्री कोणत्याही कामावर पहिल्या दिवशी हत्याराला हात लावत नसत. गवंडी, सुतार आणि लोहार यांना ते आपापले मापाचे गज घेऊन बोलावत आणि सगळे गज जमिनीवर शेजारी शेजारी मांडत. तीन माणसांचे तीन गज कधी सारखे भरत नसत. मग आबा सागाची एक नवी काठी कापून तिच्यावर खुणा करत. त्या कामापुरते बाकीचे गज घरी परत जात.

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. शहापूरच्या शाळेतून निघून पुण्यास शिकलो आणि पहिल्याच नोकरीत कल्याणच्या खाडीवर नवी उघाडी बांधून घेण्याचे काम मिळाले. उघाडी म्हणजे खारबांधातला दरवाजा. ओहोटीला तो शेतातले पाणी खाडीत सोडतो आणि भरतीला खारे पाणी अडवतो. माझा नकाशा आबांनी बराच वेळ पाहिला. म्हणाले, "कागद बरा हाय, रावसाहेब. पन खाडीला वाचता येत नाय."

मला राग आला, पण शिकलो मी त्यांच्याकडूनच. ते सांगत की लाकूड मधोमध क्वचित मोडते. मोडते ते सांध्यात. सुतार म्हणतो चूक गवंड्याची, गवंडी म्हणतो सुताराची, तोवर पाणी आत येते. "परतेक सांध्याला एक धनी पायजे," हे त्यांचे पालुपद. ज्या सांध्याची खात्री नसे, तो ते शेवटपर्यंत चुन्यात पक्का करू देत नसत. नुसत्या पाचरींवर ठेवत. गवंडी त्यांना चेष्टेने पाचरबुवा म्हणे.

दाराच्या लोखंडी कड्यांचे माप घेऊन लोहाराकडे जायचे काम माझ्याकडे होते. आबांची काठी न्यायला विसरलो. परत कोण जाईल, म्हणून मी खिशातल्या नकाशावरून फुटांत माप सांगितले, आणि लोहाराने ते आपल्या घरच्या जुन्या गजाने मोजले. आषाढी अमावास्येच्या आदल्या दिवशी दार टांगायला घेतले, तर कड्या चौकटीच्या तुळईतल्या लोखंडी आकड्यांपासून दोन बोटे दूर. भाताची लावणी झालेली. दुसऱ्या दिवशी दुपारी उधाण येणार होते.

बांधावर जमलेल्या शेतकऱ्यांनी विचारले, माप कोणाचे? नोकरी जाणार या भीतीने मी नकाशा खिशात खोल सारला. आबा म्हणाले, "माजं." मग त्यांनी पाचरी ठोकून काढल्या, आकड्यांची तुळई उतरवली आणि नवी भोके पाडली. आकडे दगडात चुन्याने बसवले असते, तर ते शक्यच नव्हते.

दुसऱ्या दिवशी भरती चढली आणि दार आपणहून मिटले. आबांनी आतल्या चरातले पाणी बोटाने चाखले, ते गोडे लागले, आणि ते घरी जाऊन झोपले.

पुढे माझी बदली झाली. गावी जाऊन खरे काय ते आबांना सांगायचे, असे मी दरवर्षी ठरवी आणि दरवर्षी पुढे ढकली. अखेर गेलो, तेव्हा आबा जाऊन, त्यांचे दिवस होऊनही महिना उलटला होता. मी गावच्या पाटलांना सगळे सांगितले.

"आमाला तवाच ठाव होतं, लोहारानं सांगितलं होतं," ते म्हणाले. "आबांनी बोलू नाय दिलं. म्हनायचे, रावसाहेब सोताहून येतील सांगायला. लय वाट बगितली त्यांनी."