मासवडीचा रस्सा आणि डी, दोन, एल

सुनीला सातवा महिना लागला आणि तिला आईच्या हातच्या मासवडीचे डोहाळे लागले. सुनी माझी आतेबहीण, सासर घाटघरचं. तिची आई, म्हणजे माझी आत्या, राहते मंचरला. मधलं अंतर कापायला मी आणि नुकतीच घेतलेली सेकंडहँड ऑटोमॅटिक गाडी. गाडीसोबत आलेलं पुस्तक मी नीट वाचलं होतं: गियरचा दांडा एरवी डीवर, चढ-उताराला दोनवर, फारच तीव्र उतार असेल तर एलवर. वाचलं होतं, वापरलं मात्र फक्त डी.

मंचरहून सकाळी निघालो. वड्या डब्यात होत्या, पण रश्शाचं पातेलं आत्यानं मागच्या सीटवर मांडीतच घेतलं. वर ताट, भोवती जुन्या लुगड्याचं फडकं करकचून बांधलेलं.

"ह्यो सांडला तर पोरगी कोरड्या वड्या खाईल. मग बघती तुझ्याकडं."

हायवे झकास आहे. डीमध्ये टाकून स्टिअरिंग धरायचं, बस्स. नारायणगावात स्पीडब्रेकर आला आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं माझा डावा पाय क्लच शोधायला गेला. सापडला ब्रेक. गाडी जागच्या जागी थांबली, रस्सा थांबला नाही.

"क्लच न्हाई तर पाय कशाला घालतोस त्यात?" पदर झटकत आत्या म्हणाली.

"सवय गं."

"डावी चप्पल काढ. दे इकडं."

चप्पल जप्त झाली. अनवाणी पाय मागे ओढून बसलो. हा उपाय पुस्तकात नाही, पण लागू पडतो.

पेट्रोल जुन्नरलाच भरून घ्या, पुढे भरवसा नाही. आपटाळ्यात चहा घेतला. शेजारच्या मोटारसायकलवाल्यानं गाडीत डोकावून सल्ला दिला, "पावणं, उताराला न्यूट्रल टाकायचं. आमी समदे तसंच जातो. पेट्रोल लई वाचतं राव." असं करू नका, हे पुस्तकात ठळक छापलंय. ते त्याला सांगावं की नाही, या विचारात माझा चहा गार झाला. शेवटी "बघतो" म्हणालो. खोटंच.

पुढे रस्ता अरुंद आणि वर-खाली. चढाला डीमध्ये गाडीचं काही ठरेना: वरचा गियर, खालचा, परत वरचा. दर हिसक्याला मागून "आई गं!" मी दोन टाकला. गाडी एका सुरात चढून गेली. मग उतार. ब्रेक दाबला की रस्सा पुढे, सोडला की मागे. वेग अगदी कमी केला आणि एल टाकला. इंजिन गुरगुरलं.

"मोडलीस! गाडी वरडतीय!"

"इंजिन गाडीला धरून ठेवतंय, आत्या. ब्रेकला पायसुद्धा लावला नाही मी. रस्सा बघ."

आत्यानं वाकून पातेल्याला कान लावला.

"हलंना झालाय," ती म्हणाली. "मग वरडू दे तिला."

घाटघरला सुनीनं दारातच फडकं सोडलं आणि उभ्या उभ्या वाटीभर रस्सा प्यायली. मग पातेल्यात बघितलं. "एवढाच?"

"बाकीचा मी नेसलीय," आत्या म्हणाली. सुनी इतकी हसली की तिची सासू तिला खाली बसवायला धावली.

चप्पल परत मिळाली. दुपारी निघालो, पातेलं रिकामं. सकाळच्या चढाचा आता उतार झाला होता. मी डीमध्येच, ब्रेक दाबत, निवांत.

"त्यो एल टाक की," मागून आवाज आला.

"आता रस्सा नाही ना."

"मी हाय न्हवं?"

मी वेग कमी करून मुकाट्यानं एल टाकला.

घरी येऊन हे लिहितोय. मागच्या सीटला अजून काळ्या मसाल्याचा वास आहे, तो जाईल. टोचतंय ते वेगळंच. सकाळी प्रत्येक वळणावर मी आरशात बघत होतो, ते पातेल्याकडे. पातेलं धरून बसलेल्या बाईला हिसके बसत असतील, हे तिनं सांगेपर्यंत डोक्यातच आलं नाही.