कपाळावरची माती

हिंगणघाटला आमच्या शेजारी जिनिंगमधले एक पारखी राहत. कापसाची प्रत नजरेनं ठरवणं हे त्यांचं काम. कपाळावर सदा काळ्या मातीचा लेप असे. तो वाळून तडकला की बोलताना भाकरीच्या चुऱ्यासारखा सदऱ्यावर पडे, पण ते झटकत नसत.

त्यांना झोप नव्हती; तो लेपही त्यासाठीच. कुण्या निसर्गोपचारवाल्यानं सांगितलं होतं, की भुवयांच्या मागं, मेंदूत, वाटाण्याएवढी एक गाठ असते. तिला ऊन पाजलं की झोप येते. तेव्हापासून ते रोज वेणा नदीच्या काठी उभे राहून सूर्याकडं टक लावून बघत. आधी कोवळ्या, मग चढत्या सूर्याकडंही.

"अहो, डोळे जातील!" मी चिडून म्हणायचो.

"डोळ्याचं काय घेऊन बसले, मास्तर? गाठ जागी होऊन राह्यली. मले अंदरून गरम लागते. खरं का नाई?"

आणि मी मान हलवीपर्यंत ते थांबून राहत.

पुढं एका हंगामात त्यांनी पिवळा, किडका कापूस पांढरा म्हणून पास केला. मालकानं त्यांना घरी बसवलं.

मग एका दुपारी ते ओसरीवर दिसले. डोळे उघडे, तोंड उन्हाकडं. मी जवळ गेलो तसे म्हणाले, "मास्तर का?"

"हो. झोप लागते का आता?"

"सारी रातच होऊन गेली आता. मंग झोप काऊन येत नाई?"

'खरं का नाई' त्यांनी विचारलं नाही. मीही चिडलो नाही. आतून पाणी आणलं आणि त्यांच्या कपाळावरची माती पुन्हा ओली करून दिली.