थंड पाण्यात उतरायचा शब्द

बाळांनो, केस ओले असतानाच लिहायला बसले आहे, कारण आज सकाळी मी पाण्यावर तरंगले! हात सोडून, पाठीवर, आकाशाकडे बघत! फोनवर सांगायला गेले असते तर तुम्ही मध्येच हसत सुटला असता, म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

आमच्या सर्जापूर रोडच्या सोसायटीत स्विमिंग पूल आहे. शेजारच्या कानडी अक्कांना डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी पाण्यातला व्यायाम सांगितला. जिना तर त्यांचा सुटलाच होता. पण तरुण मंडळींच्या गर्दीत एकटीने उतरायला त्या तयार होईनात. मी म्हटलं, "मी रोज येते सोबत. शब्द दिला." बोलतानाच मला ठाऊक होतं की गार पाणी मला सोसत नाही आणि उद्या नको वाटणार. मग मी खोटं बोलले का? बोलले तर अगदी मनापासून होते.

दुसऱ्या दिवशी बोचरा वारा होता. बेल वाजली.

"चल ग."

"अक्का, आज डोकं दुखतंय."

"डोकं पाण्याबाहेरच ठेवायचं असतंय."

"पाणी किती गार असेल!"

"स्वल्प, थोडंसंच गार. बर्फ नाही घातलाय कुणी."

मी हसले, पण दारातून हलले नाही.

"सरी, बरं, राहू दे. मग मी पण नाही जात," म्हणत अक्का भिंतीला धरून आपल्या दाराकडे वळल्या. चिडल्या नव्हत्या, उलट सुटल्यासारख्या दिसल्या. तेच मला बघवेना. टॉवेल उचलला आणि धावले मागे!

जे आपण आवडीने करणारच, त्याचा शब्द कशाला द्यायचा? संध्याकाळी चहा पिईन असं वचन कोणी देतं का? मी कुरकुर करणार हे आधीच कळत होतं, म्हणून तर मी स्वतःला अक्कांच्या हवाली केलं.

पहिल्या पायरीवर मी अशी किंचाळले की वॉचमन धावत आला. आणि आज! अक्कांनी माझ्या पाठीखाली हात धरला होता, तो न सांगता काढून घेतला.

"बघ, तरंगतेस की!"

"अक्का, हात! हात कुठाय?"

"माझ्या कमरेवर!"

अक्का आता हळूहळू जिना चढतात. मला अजूनही रोज सकाळी नको वाटतं, आणि आम्ही दोघी अजूनही रोज जातो.