लेस्याची पाच बोटं

गोठलेल्या नदीवरून चालत आम्ही पुलाखाली आलो तेव्हा लेस्या थांबली. बुटात बर्फ गेल्याचं निमित्त तिनं केलं, पण तिला दम लागला होता.

"तू हो पुढं," ती म्हणाली.

"पुढं जाऊन काय करू? थांबायचंच तर इथं थांबते. पुलाखाली वारा तरी कमी आहे."

"मग थांब. पण डोळे वटारून बघू नकोस. म्हातारी मरत नाही एवढ्यात."

आम्ही दोघी एकाच लॉन्ड्रीत कामाला. कॅनडातल्या या विनिपेग शहरातल्या हॉस्पिटलांच्या चादरी, टॉवेल, रुग्णांचे कपडे आमच्याकडे धुवायला येतात. लेस्या बोइचुक तिथली सुपरवायझर. हिवाळ्यात नदी गोठली की आम्ही घरी तिच्यावरूनच चालत जातो. बसमध्ये बोलता येत नाही ते सगळं इथं बोलून होतं. त्या दिवशी मात्र निघाल्यापासून ती गप्प होती. कारण मला ठाऊक होतं. आदल्या दिवशी आमचा रोडेल पडला होता, आणि उद्या सकाळी नवे मॅनेजर पेनर पुन्हा येऊन आमचं 'हात वर' ठेवायचं की बंद करायचं ते ठरवणार होते.

रोज सकाळी इस्त्रीच्या मोठ्या यंत्रापाशी आम्ही सगळे गोल उभे राहतो. लेस्या म्हणते, "हात वर!" ज्याच्या अंगात आज जेवढं बळ, तेवढी बोटं त्यानं दाखवायची. पाच म्हणजे ठणठणीत. पाचवाल्यांकडे ओल्या चादरींच्या गाड्या. त्या ढकलताना खांदे निखळतात. दोन-तीनवाल्यांनी स्टुलावर बसून टॉवेलच्या घड्या घालायच्या. का, ते कुणी विचारायचं नाही. पोर आजारी असो, नवऱ्याशी भांडण असो, नाहीतर काल जरा जास्त झालेली असो.

साताऱ्याहून वडील वारल्याचा फोन आला, त्या सकाळी मी एकच बोट वर केलं. लेस्यानं मला टॉवेलांपाशी बसवलं आणि स्वतः शेजारी बसून घड्या घालू लागली. मी मनातल्या मनात रामरक्षा म्हणत होते. ओठ हलताना तिला दिसले असावेत. ती उठली, रेडिओ बंद केला आणि पुन्हा येऊन बसली. दिवसभरात एकच वाक्य बोलली, "कोपरे नीट जुळव." पुढं मला दुसरीकडे बसून करायची नोकरी मिळत होती. गेले नाही. आमच्याकडे असे न गेलेले पुष्कळ आहेत.

ही रीत तिनं कुठल्या पुस्तकातून आणली नाही. इथल्याच डॉफिन गावाकडच्या युक्रेनी शेतकऱ्याची ही मुलगी तरुणपणी याच लॉन्ड्रीत लागली. तेव्हाचा सुपरवायझर सांगायचा, घरचं दुःख कोटाबरोबर खुंटीला टांगून आत यायचं. लेस्याची आई अंथरुणाला खिळून शेवटच्या घटका मोजत होती, आणि ही यंत्राच्या रुळांत चादरी सरकवत उभी. लक्ष कुठंतरी गेलं आणि चादरीबरोबर उजवा हातही आत गेला. त्या हाताची दोन बोटं अजून सरळ होत नाहीत. म्हणून ती वर करते तो डावा हात. स्वतः सुपरवायझर झाली त्या दिवशी तिनं सगळ्यांना सांगितलं, "दुःख खुंटीला टांगलं जात नाही. मी टांगून बघितलंय. चला, हात वर!"

पेनर माणूस वाईट नव्हेत. तुमची ही पद्धत मला बघायचीय, एवढंच ते म्हणाले होते. पण आमच्यात कुजबुज झाली, की साहेबापुढं लेस्याची मान खाली जाता कामा नये. झालं! ते आले त्या सकाळी सगळ्यांनी पाच बोटं वर केली. मीसुद्धा. रोडेलची कंबर धरली होती, सरळ उभं राहवत नव्हतं, त्याचीही पाच.

लेस्यानं सगळीकडे नजर फिरवली. "वा! आज सगळ्यांच्या घरी देव उतरला वाटतं?"

पण साहेबादेखत आपल्याच माणसांना खोटं कसं ठरवणार? बोटं बघून कामं द्यायची ही तिचीच रीत. रोडेलच्या वाट्याला ओली गाडी आली. उतारावर त्याच्या कमरेत कळ आली, गाडी कलंडली, आणि तो मनगटावर पडला. हाड मोडलं.

पेनर शांतपणे म्हणाले, "लेस्या, या बोटांच्या भरवशावर मी माणसं धोक्यात घालू? आणखी एक सकाळ बघतो. नाहीतर कुणी काय करायचं ते मीच वरून ठरवीन."

त्यांचं काय चुकलं, सांगा.

पुलाखाली लेस्यानं बूट झटकला, त्यातून बर्फाचा कणही पडला नाही.

"रोडेलला भेटून आले," ती म्हणाली. "म्हटलं, गाढवा, खोटं का दाखवलंस? तर म्हणतो, आते, तुझ्यासाठी." रोडेल फिलिपिनो. त्यांच्यात मोठ्या बहिणीला आते म्हणतात.

"आम्ही सगळ्यांनीच तुझ्यासाठी..."

"माहिताय! मेंढरं नुसती! माझ्यावर एवढा जीव, की माझंच वाटोळं केलंत." ती हसली. मग हसू ओसरलं. "पुढं काय म्हणाला ऐक. म्हणाला, आते, तू तरी कधी चार दाखवलीस का?"

तिचा नवरा वॉल्टर आता विसराळू झालाय. रात्री उठून बूट चढवतो आणि गाईंना चारा घालायला निघतो. गाई विकून जमाना झाला. ही त्याला धरून आणते, निजवते, पुन्हा उठते. आणि सकाळी यंत्रापाशी डावा हात वर, पाच बोटं.

"खोटं दाखवायला मीच शिकवलं त्यांना," ती म्हणाली. चालायला लागली, आता पावलं ठाम पडत होती. "उद्या मी दोन दाखवणार. स्टुलावर बसणार, पेनरसमोर. मी खरं दाखवलं की सगळे दाखवतील. मग बघू दे त्याला. ही रीत बुडायची नाही."

"मी आज दिव्यापाशी तुझं नाव घेते."

"घे. मीही मेणबत्ती लावते. पण देवाला सकाळी लॉन्ड्रीत बोलावू नकोस, त्याला घड्या घालता येत नाहीत. तिथं तूच लागशील."

"मी काय करू?"

तिनं हातमोजा काढून आपला डावा हात माझ्यापुढं धरला, जणू कुणा तिऱ्हाइताचा असावा तसा.

"या हाताला सवय आहे गं. मी म्हणेन दोन, आणि हा पाच करेल. कुणाला काही विचारायचं नाही हा माझाच नियम, पण उद्या तू तो मोड. माझ्या शेजारी उभी राहा, सुलभा. पाच दिसली की सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हण, लेस्या, खोटं. म्हणशील ना?"