खिडकीतला कॉम्प्युटर

“बाई, यंत्र इंग्रजीतच शोभतं,” चेअरमन म्हणाले. “मराठीचा हट्ट कशाला?”

समोर टेबलावर माझा कॉम्प्युटर चालू होता. पुण्यात सुटे भाग जमवून मी तो स्वतः जोडला होता. पडदा म्हणून छोटा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, प्रोग्रॅम भरायला कॅसेट प्लेअर. वीज गेली की ट्रकच्या बॅटरीवर चालायचा. ऐंशीच्या दशकातला दुष्काळ होता. उस्मानाबाद जिल्ह्यात विहिरींनी तळ गाठला होता. आमच्या भागात टँकर पाठवायचं काम या सहकारी संघाकडं होतं. पाळी ठरायची, पण कुणाचा फोन आला की टँकर भलतीकडंच वळायचा. गेटवर बायकांची भांडणं रोजचीच. म्हणून संघानं पाळ्या लावायला कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं आणि मी पुण्याची नोकरी सोडून आले.

मी याच जिल्ह्यातल्या बेंबळीची. लहानपणी आमच्या बौद्ध वस्तीला पाणी मिळायचं ते सगळ्यांचं भरून झाल्यावर. त्यामुळं पाळी कोण ठरवतं याच्याइतकंच ती कुणाला दिसते, हे मला महत्त्वाचं वाटत होतं.

“मराठीत केलं तर गेटवरची माणसं वाचतील,” मी म्हणाले.

“तेच म्हणतोय. कुणीबी वाचंल.”

“त्यासाठीच करायचंय. आणि टीव्ही तुमच्या केबिनमध्ये नको. गेटकडच्या खिडकीत ठेवू.”

चेअरमन हसले. “बरं. पुढच्या मीटिंगला मराठी दाखवा. न्हाय जमलं, तर इंग्रजी आन् केबिन.”

पडद्यावरचं अक्षर ठिपक्यांचं असतं. कुठला ठिपका पेटवायचा हे एका चिपमध्ये भरून ठेवतात. तिला ईप्रॉम म्हणतात. इंग्रजी अक्षर लहानशा चौकोनात मावतं. मराठीला वर मात्रा, खाली उकार. चौकटीच्या कागदावर मी एकेक अक्षर रंगवत बसले. चौकोनाची उंची दुप्पट केली, तेव्हा कुठं ती बसली.

चिप भरली, लावली, टीव्ही सुरू केला. पडद्यावर ‘बेंबळी’ यायला हवं होतं. आलं ‘बंबेळी’. मात्रेची जागा एका घरानं चुकली होती, आणि ती चूक चिपमध्येच भरली गेली होती.

आता चिप पुसायला हवी. तिच्या पाठीवर काचेची बारीक खिडकी असते. त्यातून अतिनील किरण सोडले की आतलं पुसलं जातं. त्याचा दिवा येता येता एस.टी.त फुटला होता. दुसरी कोरी चिप नव्हती. पुण्यात मागणी नोंदवून चिप मिळायला महिना लागायचा, तोवर मीटिंग होऊन गेली असती.

उन्हातही असे किरण असतात, पण फार थोडे. आठवडाभर लागतो असं वाचलं होतं. करून पाहिलेलं नव्हतं. मी चिप काळ्या फोममध्ये खोचली आणि संघाच्या गच्चीवर ठेवली. आभाळात ढगाचं नाव नव्हतं. सगळा जिल्हा त्या उन्हाला शिव्या देत होता, आणि मी दिवसभर चिपचं तोंड त्याच्याकडं फिरवत होते.

एकदा चेअरमन वर आले. “काय बाई, पापड वाळवताय?”

“व्हय. तुमच्या मीटिंगलाच तळते.”

मीटिंगच्या आदल्या दिवशी चिप तपासली. कोरी झाली होती. पुन्हा भरली. पडद्यावर ‘बेंबळी’ उमटलं तेव्हा मी खुर्चीत बसून नुसती बघत राहिले. दुसऱ्या दिवशी डायरेक्टर मंडळींनी टाळ्या वाजवल्या. चेअरमननी शब्द पाळला. टीव्ही खिडकीत गेला.

खरी परीक्षा नंतर झाली. एका सकाळी टँकर भरून उभा होता. केबिनमधून निरोप गेला आणि ड्रायव्हरनं गाडी चेअरमनच्या गावाकडं वळवली. गेटवर गोदाबाई होत्या. प्रौढांच्या वर्गात नुकत्याच वाचायला शिकलेल्या. खिडकीतल्या यादीची पहिली ओळ त्यांनी बोट फिरवत वाचली आणि सरळ टँकरसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“पाळी आमच्या गावाची हाय. तितं लिवलंय.”

“मला आतनं सांगितलंय, मावशे,” ड्रायव्हर म्हणाला.

“मग आतल्याला भाईर बोलीव.”

बाकीच्या बायका घागरी घेऊन त्यांच्यामागं उभ्या राहिल्या. चेअरमन बाहेर आले. त्यांनी पडदा पाहिला, बायका पाहिल्या. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, “तेवढं वर-खाली करा की.”

“करते,” मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. “यांच्यासमोरच करते. कुठलं गाव खाली घेऊ, सांगा.”

चेअरमननी टोपी काढली, घाम पुसला, पुन्हा घातली.

“गोदाबाईच्या गावाला ने रे,” ते ड्रायव्हरला म्हणाले आणि आत गेले.

दुष्काळ सरेपर्यंत पाळी मोडली नाही. पुढं मी बऱ्याच सोसायट्यांना असे कॉम्प्युटर जोडून दिले. ऑर्डर घेताना पहिला प्रश्न एकच असायचा, पडदा कुठं ठेवणार? ‘साहेबांच्या केबिनमध्ये’ असं उत्तर आलं की मी चहा पिऊन उठायचे. त्यामुळं माझा धंदा काही फार मोठा झाला नाही.