बार मोजणारा तळहात

गायन पार्टीत मी बेस गिटार वाजवायचो. बेंबळीत तेव्हा बेस म्हणजे काय हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही अर्धंच माहीत होतं. पार्टीचा मोठा स्पीकर प्रमुखांच्या घरी कुलपात. सरावासाठी त्यांनी मला साध्या गिटारचा एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर दिला आणि बजावलं, "आवाज दोनच्या वर न्यायचा न्हाय. बेसनं त्याच्या स्पीकरचा कागद फाटंल." आमची आणि शेजाऱ्यांची भिंत एकच, पलीकडं बाळंतीण. दिव्याच्या होल्डरमधून वायर ओढून, आईच्या पत्र्याच्या पेटीवर तो डबा ठेवून मी दोनवरसुद्धा भीतभीतच वाजवायचो.

आबा, म्हणजे माझे वडील, विहिरींत सुरुंगाचे बार उडवायचे. बहात्तरच्या दुष्काळात शिकलेलं काम. पुढं पुन्हा विहिरी आटल्या तेव्हा सोसायटीची विहीर खोल करायचं काम त्यांच्याकडं आलं. तोवर बारांनी त्यांचे कान खाल्ले होते. हे घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. आबा लोकांच्या ओठांकडं बघून मान हलवायचे आणि गाव म्हणायचं, माणूस लई गंभीर. आम्हाला हसूही यायचं आणि कळलं तर काम जाईल अशी धास्तीही असायची.

या कामात कान लागतो तो मोजायला. चार वाती पेटवल्या की लांब पळायचं आणि चार दणके मोजायचे. तीनच झाले तर एक बार आत जिवंत आहे. त्या दिवशी कुणी खाली उतरायचं नाही. मोजणार तो बार लावणारा, आणि पहिला उतरणारही तोच. दुसऱ्यानं मोजणं म्हणजे त्याचा अपमान. असला मानपान आमच्याकडं विहिरीच्या तोंडाशीही पाळतात.

कान गेल्यावर आबा जमिनीला तळहात लावून मोजू लागले होते. एका संध्याकाळी माझा सराव चालला होता, तर ते आले आणि अ‍ॅम्प्लिफायरवर हात ठेवून बसले. बापाला आपलं वाजवणं आवडलं म्हणून मी फुशारलो. मग ते म्हणाले, "जाड तार वाजीव. किती ते सांगू नगं." आईनं डोळे वटारले. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही, आणि भिंतीपलीकडं गाव होतं.

तेव्हापासून रोज दिवेलागणीच्या आधी हेच. ते माझ्याकडं पाठ करून, हात मागं डब्यावर ठेवून बसत. मी तार छेडायचो, कधी तीनदा, कधी पाचदा. ते दुसऱ्या हाताची बोटं वर करत. बरोबर असलं की मी पाठीवर थाप द्यायचो. आठवडाभर एकही चूक नाही. माझी गाणी राहिली बाजूला, पण मला त्याचं काही वाटत नव्हतं.

मग ती संध्याकाळ. मी तीनदा तार छेडली, त्यांनी चार बोटं दाखवली. पुन्हा तीन, पुन्हा चार. पेटीचं झाकण सैल झालं होतं. शेवटच्या सुरानंतर ते एकदा आपोआप थरथरायचं. आबा वळले.

"चुकलं का रं?"

त्यांच्या तोंडावर मी पहिल्यांदा भीती बघितली. मला ती बघवेना. दुसऱ्या दिवशी भूमला कार्यक्रम होता, पहाटेची एसटी गाठायची होती, आणि विहिरीला कुठं पत्र्याचं झाकण असतं, असंही मी मनाला समजावलं. मी त्यांच्या पाठीवर थाप दिली.

भूमहून परतलो तेव्हा दारात माणसं उभी होती. मी निघालो त्याच सकाळी आबांनी चार वाती पेटवल्या होत्या. तिसऱ्या दणक्यानंतर विहिरीच्या कडेचा एक मोठा दगड सुटून आत पडला. आबांनी जमिनीवरचा हात उचलला, चार बोटं दाखवली आणि उतरले. पहारेचा पहिलाच घाव उरलेल्या बारावर बसला.

"आमाला तीनच वाटले," दगड भरणारा एकजण मला म्हणाला. "पर आबांनी चार केले. त्येनला कसं इचारावं?"

पंधरा दिवसांनी अ‍ॅम्प्लिफायर परत दिला. प्रमुखांनी तो उलटसुलट बघितला, कागद शाबूत होता. "नीट जपलास," ते म्हणाले. त्यानंतर मी बेसला हात लावला नाही.

आई अजूनही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "ह्यांचं मोजणं कधी चुकत नव्हतं. त्याच दिशी कसं चुकलं, काय म्हाईत." सांगताना ती माझ्याकडं बघते. मी मान हलवतो. आदल्या संध्याकाळीच चुकलं होतं, दोनदा, आणि त्यांनी मला विचारलंही होतं.