कालचं पाणी

समुद्र अभ्यास केंद्रातली माणसं तिला ओहोटीबाई म्हणत. बाकीचे घड्याळ बघून कामावर यायचे, ही ओहोटी बघून. बादली, पेचकस आणि भिंग घेऊन ती खडकांवर उतरायची. तिथे तपकिरी शेवाळाच्या झुबक्यांखाली बशीएवढ्या बारा चकत्या बसवलेल्या होत्या. कालच्या काढायच्या, नव्या लावायच्या आणि काढलेल्या भिंगाखाली धरायच्या. चकतीवर रव्याहून बारीक कण दिसले, तर वहीत लिहायचं ‘सुटलं’. नाहीतर ‘नाही’.

ते कण म्हणजे शेवाळाचं बीज. शेवाळ मोठं धोरणी. टोकं टच्च फुगली तरी लाटा आपटत असेपर्यंत बीज सोडायचं नाही. पाणी निवलं आणि वर ऊन असलं की सोडणार, म्हणजे ते वाहून न जाता खडकाला धरतं.

तिचा नवरा होडी घेऊन मासे धरायला जायचा. निघताना खडकाशी थांबून रोज विचारायचा, “काय म्हणतंय तुझं शेवाळ? पाणी कसंय गं?” सुरुवातीला ती थट्टाच होती. पण दोन-चारदा तिचं खरं ठरलं, मग त्याचे सोबतीही विचारू लागले, आणि बाई चढल्या हरभऱ्याच्या झाडावर.

अकरा वर्षांपूर्वी एका सकाळी तो ढगांकडे बघत कां-कू करत होता. तिच्या हातात भरलेल्या चकत्या होत्या. “निघा बिनघोर,” ती म्हणाली. “बाराच्या बारा भरल्यात. आज पाणी हलायचं नाही.” दुपारी वारा उठला. तिसऱ्या दिवशी होडी सापडली, उलटी. तो सापडलाच नाही.

महिन्याभराने ती कामावर परतली. समुद्र खवळलेला होता तोवर सगळं ठीक चाललं. मग एक दिवस पाणी निवलं. ती खडकावर वाकली होती आणि पाठीमागून, अगदी हाताच्या अंतरावरून, त्याने विचारलं, “पाणी कसंय गं?”

मागे कुणी नव्हतं. बादली तिथेच टाकून ती पळाली. पुढच्या शांत दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिने कानाला खडा लावला. पाणी शांत असलं की ती सामानाच्या खोलीत बसून राहायची आणि वहीत ‘नाही’ लिहायची. लाटा परतल्या की जाऊन त्या चकत्या न बघताच बादलीत खळबळून टाकायची. अकरा वर्षं असंच चाललं आणि कुणाला पत्ता लागला नाही.

यंदा केंद्रात नवी संशोधक बाई आली. वयाने लहान, पण कामाला वाघ. तिने सगळ्या वह्या वाचून काढल्या.

“मावशी, अकरा वर्षांत एकदाही बीज सुटलेलं नाही. खडकांवर ही बारकी रोपं दिसतात, ती दुसरीकडून वाहत येत असतील. समुद्राचं पाणी गरम होत चाललंय. इथलं शेवाळ वांझ झालं, असंच आता लिहावं लागेल.”

‘वांझ’ हा शब्द ओहोटीबाईच्या ओळखीचा होता. पोर झालं नाही म्हणून लोकांनी तो तिला तोंडावर ऐकवला होता. आता तिच्याच खोटेपणामुळे तो त्या बिचाऱ्या शेवाळाच्या माथी बसणार होता.

“तसं लिहू नका, मॅडम. शांत दिवसांचं मी खोटं लिहिलंय.”

मग तिने सगळं सांगितलं. भरलेल्या चकत्या, नवरा, पाठीमागचा आवाज. नोकरी गेली तर गेली. संशोधक बाईने वही मिटली.

“मावशी,” ती म्हणाली, “चकतीवर कालचं पाणी असतं. आजचं ती कुठून सांगणार?”

ओहोटीबाईला हे ठाऊक नव्हतं थोडंच? चकत्या आदल्या दिवशी तीच तर लावायची. चार माणसांत मिरवण्याच्या नादात तिने कालचं पाणी आजचं म्हणून नवऱ्याच्या हातात दिलं होतं. ती तिथेच बसून रडली. तिला हलकं वाटलं नाही, उलट जड वाटलं.

“पाणी निवेल तेव्हा मी येते सोबत,” बाई म्हणाली.

“नको. मला एकटीलाच जायला हवं.”

चार दिवसांनी पाणी निवलं. पाचव्या सकाळी ती खडकांवर उतरली. पेचकस दोनदा निसटला. पहिली चकती निघाली. भिंगाखाली कणच कण होते. दुसरीवर, तिसरीवर, सगळ्यांवर.

“पाणी कसंय गं?”

या वेळी ती पळाली नाही. मागे वळूनही तिने बघितलं नाही.

“काल शांत होतं,” ती म्हणाली. “आजचं मला नाही ठाऊक. तुम्ही नका जाऊ.”

तिने बाराही नव्या चकत्या लावल्या, वहीत ‘सुटलं’ लिहिलं आणि भरती पायाला लागेपर्यंत तिथेच उभी राहिली, तो आणखी काही विचारेल म्हणून.